‘फोटो काढण्यास सक्त मनाई आहे’ : एका पाटीचा इतिहास



जुन्या वास्तूंच्या आणि सरकारी इमारतींच्या दाराशी एक पाटी हटकून आढळते : ‘येथे फोटो काढण्यास सक्त मनाई आहे.’ प्रवासी ती वाचतो, मोबाईल खिशात टाकतो आणि पुढे जातो. ही मनाई कोणी केली, कधी केली आणि कशासाठी केली, असे विचारण्याची आपल्याकडे चाल नाही. आमचे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले. शाळेचे शिक्षण आमच्या वाट्याला थोडेच आले; पुढचे जे काही वाचन झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्याच्या नोटीसबोर्डासमोर. त्यामुळे कोणतीही पाटी दिसली की तिच्याखाली सही कोणाची आहे, हे पाहण्याची खोड आम्हाला जडली. या पाटीखाली बहुधा कोणाचीच सही नसते. म्हणून तिचा इतिहास शोधावा असे वाटले. तो आज आपल्यापुढे ठेवतो.

या इतिहासाचा आरंभ मोठा गमतीचा आहे. आपल्या देशातील प्राचीन वास्तूंसमोर कॅमेरा पहिल्यांदा उभा राहिला तो बहुतांशी सरकारचाच. छायाचित्रणाची कला युरोपात १८३९ साली जाहीर झाली. त्यानंतर पंधरा वर्षांच्या आत, १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या कलेतले जाणकार होते आणि सोसायटीच्या कामात त्यांचा भाग होता. म्हणजे एतद्देशीय माणूस आरंभापासून कॅमेऱ्याच्या मागेही उभा होता. पण प्राचीन वास्तूंची चित्रे घेण्याचे काम सरकारने आपल्या अधिकाऱ्यांकडे सोपवले. चित्रकाराला कागदावर इमारत रेखाटायला दिवसचे दिवस लागतात आणि पगार द्यावा लागतो. तेच काम कॅमेरा स्वस्तात व अचूक करील, असा ईस्ट इंडिया कंपनीचा हिशेब होता. १८५५ साली मुंबई तोफखान्यातील थॉमस बिग्ज या अधिकाऱ्याची या कामावर नेमणूक झाली. विजापूर, बदामी, ऐहोळे या ठिकाणच्या वास्तू त्याने टिपल्या. पुढे ते काम डॉ. पिगू या लष्करी वैद्याकडे गेले. मद्रास इलाख्यात कॅप्टन लिनियस ट्राइप याने तसेच काम केले.

ही जुनी छायाचित्रे आज ग्रंथांतून पाहावयास मिळतात. ती पाहताना आमची नजर एका गोष्टीवर नेहमी अडते. प्रचंड कमान असते, किंवा देवळाचा भव्य खांब असतो, आणि त्याच्या पायथ्याशी एखादा गरीब माणूस स्तब्ध उभा केलेला असतो. तो तिथे का आहे? खांबाची उंची किती, हे पाहणाऱ्याला कळावे म्हणून. मापाची काठी म्हणून माणूस उभा केला आहे. खाली वास्तूचे नाव असते, साहेबाचे नाव असते. त्या माणसाचे नाव नसते. त्या काळचा कॅमेरा म्हणजे पेटारा होता. काचा, रसायने, काळोखाचा तंबू हे सारे डोक्यावर वाहून नेणारे हमाल होते. त्यांचीही नावे नाहीत. ज्या गवंड्यांनी आणि पाथरवटांनी ती वास्तू उभारली त्यांची तर नाहीतच. ही गोष्ट लक्षात असू द्यावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता मनाईकडे वळू. मनाईचे एक मूळ अजिंठ्याला सापडते आणि ते मूळ चांगले आहे, हे आम्ही प्रथमच सांगतो.

१८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडली. तेथील चित्रांच्या नकला करण्यासाठी १८४४ साली मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल याची नेमणूक झाली. गिलने कित्येक वर्षे खपून मोठमोठ्या नकला रंगवल्या. त्या लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. १८६६ साली तेथे आग लागली आणि बहुतेक नकला जळाल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी ते काम पुन्हा हाती घेतले. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकीच. १८८५ पर्यंत हे काम चालले, आणि त्याच वर्षी लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथे लागलेल्या आगीत या नकलांपैकीही पुष्कळ जळाल्या.

नकला जळाल्या, हे दुर्दैव. पण मूळ चित्रांना जे झाले ते अधिक वाईट. चित्रावरचे रंग नीट दिसावेत म्हणून नकलाकारांनी मूळ भिंतीवरच व्हार्निश फासले. ते कालांतराने पिवळे पडले, त्यावर धूळ बसली, आणि ते काढण्याचे कष्ट पुढच्या पिढ्यांना घ्यावे लागले. अजिंठ्याचे रंग मातीच्या गिलाव्यावर, तो वाळल्यानंतर दिलेले आहेत. गिलाव्यात मुरलेले नाहीत. अशा रंगाला ओल सोसत नाही, घासणे सोसत नाही आणि प्रखर उजेडही सोसत नाही. उजेडाने होणारी हानी साचत जाते. आज झालेली हानी उद्या भरून निघत नाही.

याचे प्रतिबिंब कायद्यात पडलेले दिसते. स्वातंत्र्यानंतर १९५८ साली प्राचीन स्मारकांचा नवा कायदा झाला आणि १९५९ साली त्याचे नियम आले. ते नियम आम्ही मुद्दाम वाचले, आणि वाचून चकित झालो. संरक्षित स्मारकाची ‘नक्कल’ करण्याविषयी त्यांत वेगळे प्रकरण आहे आणि नक्कल या शब्दात छायाचित्रही धरले आहे. काही ठराविक स्मारकांसाठी परवानगी लागेल असे सरकार जाहीर करू शकते. बाकीच्या स्मारकांची नक्कल कोणासही करता येईल, असा सर्वसाधारण नियम आहे. म्हणजे मुळात मुभा आहे आणि मनाई हा अपवाद आहे! मग मर्यादा सांगितल्या आहेत : आत कॅमेऱ्याचे स्टँड, खुर्ची, टेबल आणू नये, परांची बांधू नये, कॅमेऱ्याच्या क्षणिक फ्लॅशखेरीज दुसरा कृत्रिम उजेड वापरू नये, भिंतीला पाणी, तेल, ग्रीस लावू नये, भिंतीवर कागद ठेवून थेट ठसा उतरवू नये. सिनेमा काढायचा असेल तर वेगळा परवाना घ्यावा. या प्रत्येक कलमामागे कुठल्या तरी दुखावलेल्या भिंतीची आठवण आहे. असा नियम आम्ही डोक्यावर घेतो. तो कारण सांगतो आणि आपली मर्यादाही सांगतो.

मनाईचे दुसरे मूळ वेगळ्या जमिनीत आहे. ते पाहण्यासाठी १९०४ सालात जाऊ.

लॉर्ड कर्झन तेव्हा व्हाइसरॉय होता. प्राचीन वास्तूंविषयी त्याला खरी आस्था होती, हे कबूल केले पाहिजे. मार्च १९०४ मध्ये त्याच्या कारकिर्दीत प्राचीन स्मारकांच्या जतनाचा कायदा झाला. ताजमहालाच्या बागा आणि इमारती यांच्या दुरुस्तीवर त्याने लक्ष घातले. आणि त्याच महिन्यात, त्याच कायदेकौन्सिलात दुसराही एक कायदा मंजूर झाला : सरकारी गुपितांच्या १८८९ च्या कायद्याची दुरुस्ती. लष्कराच्या आणि आरमाराच्या गुपितांना जे कवच होते तेच मुलकी कारभारालाही घालावे, असा त्या विधेयकाचा रोख होता. नामदार गोखले यांनी कौन्सिलात त्याला कसून विरोध केला. तोफखान्याचा नकाशा आणि कलेक्टर कचेरीतला कागद यांना एकाच मापाने मोजू नका. तसे केलेत तर लोकांचे गाऱ्हाणे मांडणारे वर्तमानपत्र गुन्हेगार ठरेल, असा त्यांच्या विरोधाचा मथितार्थ होता. देशभरची वर्तमानपत्रे विधेयकाच्या विरुद्ध उभी राहिली. काही फेरफार झाले, पण विधेयक मंजूर झालेच.

एकच सरकार, एकच महिना. एका कायद्याने लोकांना सांगितले की या वास्तू तुमचा वारसा आहेत, त्या आम्ही सांभाळतो. दुसऱ्याने सांगितले की आमच्या कचेरीत डोकावू नका.

पुढे १९२३ साली सरकारी गुपितांचा सध्याचा कायदा आला. त्यात ‘निषिद्ध स्थळ’ कशाला म्हणावे याची व्याख्या आहे : किल्लेबंदी, शस्त्रागार, लष्कराचे, आरमाराचे व विमानदलाचे तळ, गोदी, बिनतारी संदेशाची केंद्रे, आणि सरकारने अधिसूचना काढून जाहीर केलेली ठिकाणे. ‘रेखाचित्र’ या शब्दात छायाचित्रही येते, असे त्याच कायद्यात लिहिले आहे. शिक्षा लहानसहान नाही. संरक्षणाच्या बाबतीत ती चौदा वर्षांपर्यंत जाते. परंतु हेरगिरीच्या कलमात एक महत्त्वाची अट आहे. देशाच्या सुरक्षिततेला किंवा हिताला बाधक अशा हेतूने ते कृत्य झाले पाहिजे. १९३७ च्या विमानविषयक नियमांनी सरकारी विमानतळावर आणि उडत्या विमानातून परवानगीवाचून फोटो काढण्यास बंदी केली. युद्धाचे ढग जमत होते, तेव्हा ती समजण्यासारखी होती.

१९४७ साली राज्य बदलले, कायदे राहिले. आणि त्यांच्यापेक्षाही चिवट अशी एक गोष्ट राहिली : पहारेकऱ्याची सवय. कायद्याने निषिद्ध स्थळांची यादी आखून दिली होती. व्यवहारात मात्र तहसील कचेरीपासून इस्पितळापर्यंत, आणि लेण्यापासून रेल्वेच्या पुलापर्यंत एकच पाटी लागली. एका पाटीमागे भिंतीवरच्या रंगाची काळजी होती. दुसऱ्या पाटीमागे, लोक पाहतील याचे भय होते. पण दोन्ही पाट्यांवरचा मजकूर एकच, तेव्हा वाचणाऱ्याला हा फरक कळावा कसा?

आम्हाला कारखान्यातला नियम आठवतो. १९४६ साली औद्योगिक रोजगाराच्या स्थायी आदेशांचा कायदा झाला. आता तो २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत सामावला आहे. त्याने मालकावर एक बंधन घातले. कामगाराला लागू होणारे नियम लिहून काढावे, अधिकाऱ्याकडून ते तपासून घ्यावे, आणि बहुसंख्य कामगार ज्या दाराने आत येतात त्या दाराशी, त्यांना समजेल त्या भाषेत फलकावर लावावे. त्यापूर्वी मालकाच्या तोंडून निघेल तो नियम होता. जॉबरची लहर हाही नियम होता. लिहिलेला नियम कडक असला तरी त्याच्याशी भांडता येते. न लिहिलेल्या नियमाशी भांडता येत नाही. खासगी गिरणीच्या मालकावर जे बंधन सरकारने घातले, ते सरकारने आपल्या दाराशी का पाळू नये, एवढाच आमचा प्रश्न आहे.

हा प्रश्न केवळ प्रवाशांच्या हौसेचा नाही, हे एका अनुभवावरून सांगतो. काही वर्षांपूर्वी एका सरकारी कचेरीत ठेकेदाराकडच्या सफाई कामगार बाया थकलेल्या पगाराची चौकशी करायला आमच्याबरोबर आल्या होत्या. दारातल्या फळ्यावर पगारासंबंधीची नोटीस डकवलेली होती. त्यांतल्या एका मावशींना वाचता येत नव्हते. घरी मुलगा वाचून दाखवील म्हणून त्यांनी मोबाईलने नोटिशीचा फोटो काढला. लगेच पहारेकरी धावून आला. “ए बाई, फोटो बंद! पाटी दिसत नाही का?” मोबाईल काढून घेतला गेला आणि फोटो पुसला गेला. आम्ही अधिकाऱ्यांकडे गेलो आणि कोणत्या नियमाखाली ही मनाई, असे विचारले. “वरून आदेश आहे,” असे उत्तर मिळाले. आदेशाची प्रत मागितली, ती मिळाली नाही. लोकांनी वाचावी म्हणून लावलेली नोटीस! तिच्यात कोणते गुपित होते? पाटी कशाच्या रक्षणासाठी आहे हे कोणी विचारले नाही की ती अशी गरिबाच्या अंगावर येते.

इतिहासाने गेल्या काही वर्षांत या बाबतीत दोन पावले पुढे टाकली आहेत. १२ जुलै २०१८ रोजी दिल्लीत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ‘धरोहर भवन’ या नव्या मुख्यालयाचे उद्घाटन झाले. प्रधानमंत्र्यांनी त्या समारंभात स्मारकांतील फोटोबंदी आजच्या काळात कितपत उचित आहे, असा प्रश्न काढला. त्याच दिवशी खात्याने हुकूम काढला की केंद्राने संरक्षित केलेल्या सर्व स्मारकांच्या आवारात फोटो काढण्यास मुभा आहे. अपवाद तीन : अजिंठ्याची लेणी, लेहचा राजवाडा आणि ताजमहालातील मुख्य मकबरा. हुकुमाचे आम्ही स्वागतच करतो. परंतु सकाळी ज्या भिंतींना कॅमेऱ्यापासून धोका होता, तो सायंकाळी नाहीसा कसा झाला? याचा अर्थ एवढाच की पुष्कळ ठिकाणी धोका नव्हताच; नुसती पाटी होती. अजिंठा आणि लेह अपवादात राहिले, कारण तेथे चित्रे आहेत.

दुसरे पाऊल आपल्या महाराष्ट्रातले आहे. पोलिस ठाण्यात चाललेल्या बोलण्याचे चित्रण केले म्हणून वर्धा येथे एका नागरिकावर सरकारी गुपितांच्या कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ साली तो रद्द केला. निषिद्ध स्थळांच्या व्याख्येत पोलिस ठाणे येत नाही, असे न्यायालयाने स्वच्छ सांगितले. कायदा १९२३ चा, आणि व्याख्याही तेव्हाचीच. ती कोणीतरी उघडून वाचावी लागली, एवढेच.

यावर कोणी म्हणेल, “तुमचे हे सारे ठीक, पण देशाच्या सुरक्षिततेचे काय?” हा आक्षेप हलका नाही. मुंबईकरांनी तर त्याची किंमत रक्ताने मोजली आहे. डेव्हिड हेडली हा इसम २००६ ते २००८ या काळात अनेकदा मुंबईत आला आणि हल्ल्याच्या ठिकाणांचे चित्रण करून गेला; अमेरिकेच्या न्यायालयात त्याने ते कबूल केले, आणि २०१३ साली त्याला पस्तीस वर्षांची शिक्षा झाली. कॅमेऱ्याने घात होऊ शकतो, हे खरे आहे. जेथे खरोखर संरक्षणाचे काम चालते तेथे बंदी असलीच पाहिजे आणि ती पाळलीच पाहिजे.

पण त्याच हल्ल्याची दुसरी बाजूही पाहा. छत्रपती शिवाजी टर्मिनसची इमारत १८८८ साली पुरी झाली. ते स्टेशन आहे, मध्य रेल्वेची कचेरी आहे, आणि २००४ पासून जागतिक वारसाही आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री तेथे पन्नासाहून अधिक माणसे मारली गेली. ‘मुंबई मिरर’चे छायाचित्रकार सेबॅस्टियन डिसूझा गोळीबार चालू असताना स्टेशनात शिरले आणि बंदूकधाऱ्याचे फोटो त्यांनी काढले. कसाबच्या खटल्यात त्यांची साक्ष झाली आणि ती छायाचित्रे पुरावा ठरली. हेडलीला कोणत्याही पाटीने अडवले नाही. कारण हेर पाटी पाळत नसतो. पाटी पाळतो तो सरळमार्गी माणूस. म्हणून सुरक्षिततेचे काम पहाऱ्याने, तपासाने आणि जागरूकतेने करावे लागते. सरसकट पाटीने सुरक्षिततेचा देखावा होतो, आणि खरोखर जेथे बंदी हवी त्या ठिकाणच्या पाटीचाही मान कमी होतो.

तेव्हा आमचे म्हणणे साधे आहे. प्रत्येक मनाईच्या पाटीवर तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात : कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली मनाई आहे, कोणत्या कारणासाठी आहे, आणि कोठून कोठपर्यंत आहे. त्याखाली अधिकाऱ्याचा हुद्दा असावा, आणि मजकूर मराठीत असावा. ज्या पाटीला ही तीन उत्तरे देता येत नाहीत ती काढून टाकावी. हे मिळवण्यासाठी मोर्चा काढायला नको. २००५ चा माहितीचा अधिकार आपल्या हाती आहे, आणि सरकारी गुपितांच्या कायद्यात काहीही असले तरी तो त्याच्यावर चालतो, असे त्यातच लिहिले आहे. आपल्या गावच्या कचेरीला एक अर्ज करावा : ही पाटी कोणत्या आदेशाने लावली, त्याची प्रत द्यावी. बहुतेक ठिकाणी प्रत सापडणार नाही, असा आमचा अंदाज आहे.

हक्क सांगितला की कर्तव्यही सांगावे, ही आमच्या चळवळीची रीत आहे. लेण्यात फ्लॅश मारू नये, पाटी असो वा नसो. आपला एक फ्लॅश काही करत नाही, पण आपल्यासारखे लाखो येतात. चित्राला हात लावू नये, फोटोसाठी मूर्तीच्या मांडीवर पोर बसवू नये. आणि शेवटची गोष्ट माणसाविषयी. विजापूरच्या त्या जुन्या छायाचित्रांत मापासाठी उभा केलेला माणूस आम्ही अजून विसरलेलो नाही. आज तोच माणूस गडाच्या पायऱ्या दुरुस्त करतो, लेण्याचे अंगण झाडतो, स्मारकाच्या दाराशी पहारा देतो. पुष्कळदा ठेक्यावर आणि अपुऱ्या पगारात. ज्या पहारेकऱ्याने त्या मावशींचा मोबाईल घेतला तोही असाच एक ठेक्यावरचा कामगार होता. त्याच्या हातातही नियमाची प्रत कोणी दिलेली नव्हती. या लोकांचा फोटो काढायचा झाला तर आधी त्यांना विचारावे, आणि नावही विचारून घ्यावे. सरकारी इमारत सर्वांची आहे, तिचा फोटो काढायला कोणाच्या मेहेरबानीची गरज नसावी. माणूस मात्र त्याचा स्वतःचा आहे, तेथे परवानगी लागते.